साबणेबाईंची बाई

चंडीगडहून परत आल्यापासून फलटणात मला दोनच प्रश्न विचारतात. अतिरेकी दिसले का, आणि साबणेबाई कुठायत? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. अतिरेकी दिसले नाहीत, दिसले ते पोलीस, आणि ते इतके दिसले की परत आल्यावर आपल्या बाजारपेठेत कोणी पिशवी तपासत नाही याचंच मला चुकल्यासारखं वाटायला लागलं. दुसऱ्याचं उत्तर भाजीची पिशवी हातात धरून उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून हे बसून लिहितेय.

ज्यांना बाई ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. साबणेबाईंनी आमच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं. मी पाचवीपासून अकरावीपर्यंत त्यांच्या हाताखाली होते आणि आता त्यांच्याच खुर्चीत बसून मराठी शिकवते. निबंधात त्या कुणाला 'सुंदर' हा शब्द लिहू देत नसत. "सुंदर म्हणजे काय दिसलं ते सांग. शब्दामागे लपू नकोस," म्हणायच्या आणि लाल रेघ ओढायच्या. त्यामुळे चंडीगड कसं आहे ते सांगताना माझी थोडी पंचाईत होणार आहे.

आणखी एक आधीच सांगून टाकते. मी बाईंची लाडकी होते. फळा पुसायचं फडकं माझ्या ताब्यात असे. एकदा मी तापानं घरी राहिले आणि कुंदानं फळा पुसला, तर दुसऱ्या दिवशी मी तो कोरा फळा तिच्यादेखत पुन्हा पुसला होता. बाई निवृत्त झाल्या त्या समारंभात कुंदानं माझ्याआधी हार घातला, तेव्हा मी तिच्याशी थेट दिवाळीपर्यंत बोलले नाही. आता मुलं कॉलेजात गेली तरी स्वभाव तोच आहे. नवरा म्हणतो, साबणेबाई ही तुझी खाजगी मालमत्ता आहे. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

बाई निवृत्तीनंतर चंडीगडला मुलाकडे गेल्या. मिलिंद तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. यंदा त्याला दोन वर्षांसाठी विलायतेला जायचं ठरलं, बायकोही बरोबर जाणार. पंजाबात हे असं चाललेलं, आईला एकटीला मागे कसं ठेवायचं? त्यानं मला फोन केला. "सुमनताई, आई नुसतं बघू म्हणते. तू येऊन घेऊन जा. तुझं ऐकेल ती." तुझं ऐकेल ती, हे तीन शब्द मी आठवडाभर घरात येईल त्याला ऐकवले. आमची मागची खोली रंगवून घेतली, बाईंसाठी खिडकीशी टेबल लावलं आणि जानेवारीत निघाले.

मेतकुटाची झडती

दिल्लीपर्यंत सांगण्यासारखं काही घडलं नाही. दिल्लीहून पुढे बस. रात्रीच्या बसेस बंद झालेल्या, म्हणून सगळे दिवसाउजेडी पोचायच्या घाईत. माझ्या शेजारी एक वयस्कर सरदारजी होते. बस सुटल्या सुटल्या त्यांनी शेंगांची पुडी माझ्यापुढे धरली आणि मी नको म्हटलं तर "लो जी, लो जी" करत अर्धी माझ्या पदरात ओतली. आपल्याकडे अनोळखी बाईला कोणी शेंगा दिल्या तर आपण आधी त्याच्याकडे बघू, मग शेंगांकडे. इथे नको म्हणायची सोयच नाही.

वाटेत एका नाक्यावर सगळ्यांना खाली उतरवलं. धुकं असं की बसचं पुढचं टोक दिसेना. माझी पिशवी उघडली आणि हवालदाराच्या हाताला मेतकुटाची पिशवी लागली. पिवळट पूड, नीट बांधलेली.

"ये क्या है?"

"मेतकूट."

"क्या कूट?"

"दाल का पावडर. भात के साथ खाते हैं."

"खाके दिखाओ."

मग मी कर्नाल रोडवर, कडाक्याच्या थंडीत, पन्नास माणसांसमोर कोरडं मेतकूट खाल्लं. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. सरदारजींनी पाण्याची बाटली दिली. हवालदारानंही चिमूटभर तोंडात टाकलं आणि मान डोलावली. सगळे हसले, मीही हसले. मग सरदारजींची पाळी आली. त्यांची वळकटी रस्त्यावर उलटी केली, स्वेटर झटकले, औषधाची बाटली हुंगली. बराच वेळ चाललं होतं. त्यांनी एकेक कपडा पुन्हा घडी घालून आत ठेवला आणि बसमध्ये येऊन बसले. त्यानंतर शेंगांची पुडी बाहेर आली नाही.

फाटकाशी

चंडीगडात पत्ता शोधावा लागत नाही. आपल्याकडे मारुतीच्या मागे, गिरणीच्या समोर, तिथे कोणालाही विचारा, असा पत्ता असतो. तिथे सेक्टरचा आकडा आणि घराचा आकडा सांगितला की सायकलरिक्षावाला धुक्यातही नेमका दारात उतरवतो. रस्ते सरळ, झाडं रांगेत, घरापुढे हिरवळ. आपल्याकडे चौकात पुतळा असतो, तिथे चौकाचौकात वाळूची पोती रचलेली आणि त्यामागे बंदूक घेतलेला एक गारठलेला पोरगेला जवान.

घर दुमजली होतं. बाई वर राहतात एवढं ठाऊक होतं. घंटा सापडेना, म्हणून फाटकातूनच हाक मारली. "बाई! अहो बाई!"

खालचं दार धाडकन उघडलं आणि विशीतली एक मुलगी अनवाणी धावत आली. ओढणी फरशीवरून ओढली जात होती. तिनं फाटक दोन्ही हातांनी धरलं, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे, मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. आणि तिचा चेहरा असा पडला की मीच मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"किसको बुलाया आपने?"

"बाई को."

"कौन बाई?" आवाजात राग होता.

मला वाटलं, हिला वाटतंय मी मोलकरणीला हाका मारतेय. म्हटलं, "बाई मतलब नौकरानी नहीं. हमारे में बाई मतलब टीचर."

"पता है," ती म्हणाली आणि फाटक उघडं टाकून आत निघून गेली. मी मनात म्हटलं, काय उद्धट कार्टी आहे.

वरून ओळखीचा आवाज आला. "सुमन, वर ये. चप्पल बाहेर काढू नकोस, थंडीनं गोठेल."

बाई जिन्याच्या टोकाशी उभ्या होत्या आणि त्यांनी सलवार कमीज घातली होती. ज्या बाईंच्या इरकली पातळाची निरी आम्ही वर्षानुवर्षं बघत आलो, त्या बाई सलवार कमीज, वर पुरुषी स्वेटर आणि पायात लोकरीचे मोजे. मी वाकले, तर पायांऐवजी मोज्यांनाच हात लागला.

"हे काय हो बाई?"

"ऊब राहते. बाईंनी शिवून दिलं."

"कुठल्या बाईंनी?"

"येतील चारला. मग बघशील."

फलटणात बाई कोणालाच बाई म्हणत नसत. सहकारी शिक्षिकांनासुद्धा त्या आडनावानं हाक मारत. बाई म्हणजे त्या एकट्याच, असा आमचा सगळ्यांचा समज होता.

म आणि स

चार वाजता जिन्यावर पावलं वाजली आणि बाई उठून उभ्या राहिल्या. दार उघडलं, तर मघाचीच ती मुलगी.

"या बाई," आमच्या बाई म्हणाल्या. "ही सुमन, माझी विद्यार्थिनी. सुमन, या जसविंदरबाई."

ती जस्सी, घरमालकिणीची मुलगी, एका शाळेत बालवर्गाला शिकवणारी. बाई तिच्याकडून पंजाबी शिकत होत्या. नुसतं बोलायला नव्हे, लिहायलासुद्धा. दोघी खाली सतरंजीवर बसल्या, बाईंनी पहिलीच्या मुलांचं ते मोठ्या अक्षरांचं पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून वाचायला लागल्या. ऊड़ा, ऐड़ा, ईड़ी, म्हणजे त्यांचं अ आ इ. आमच्या बाई, ज्यांच्या वाचनावर शाळेत टाचणी पडली तरी ऐकू यायची, त्या अडखळत, चाचपडत वाचत होत्या.

त्या लिपीत एक गंमत आहे. त्यांचा 'स' हुबेहूब आपल्या 'म'सारखा दिसतो. बाईंनी चित्र न बघता शब्द वाचला, "माग."

जस्सीनं पेन्सिल सतरंजीवर आपटली. "माग नहीं आंटीजी, साग. खाने वाला. ध्यान किधर है आपका?"

"चुकलं बाई."

"दस बार लिखो."

बाईंनी जिभेचं टोक दातांत धरून दहा वेळा साग लिहिलं. शेवटचे दोन तिरके गेले. जस्सी म्हणाली "शाबाश", आणि बाईंच्या तोंडावर जे उमटलं ते मी आजवर त्यांच्या तोंडावर बघितलं नव्हतं. मला बोर्डात मराठीला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली होती. मी पोह्याच्या बश्या उचलल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच घासत बसले.

जस्सी गेल्यावर मी विचारलंच. "बाई, ती तुमच्या नातीच्या वयाची. तिला काय बाई म्हणता?"

"मग काय म्हणू? ए जस्सी म्हणून हाक मारू आणि लगेच तिच्यापुढे पाटी धरू?"

"पण आता या वयात पंजाबी शिकून करायचंय काय? फलटणात कोणाशी बोलणार?"

बाईंनी पेन्सिल पुस्तकात घालून ठेवली. "खाली बीजी आहेत, तिच्या आई," म्हणाल्या. "दिवसभर बोलत असतात. त्यांना फक्त पंजाबी येतं. पहिले दोन महिने मी नुसती हं हं करत बसले. मग मला माझीच लाज वाटली. आणि मला अक्षर कळल्याशिवाय भाषा ऐकूच येत नाही, ठाऊक आहे तुला."

मला ते ठाऊक नव्हतं. पण हो म्हटलं.

मिलिंदनं सांगितलं ते

दुसऱ्या दिवशी मिलिंद मला शहर दाखवायला घेऊन गेला. तळं पाहिलं. मैलभर लांब फरसबंदी काठ, पाण्यावर धुकं आणि चालायला आलेले टोप्या मफलरातले लोक. फुटक्या बांगड्यांची आणि मोडक्या कपबश्यांची माणसं करून उभी केलेली बाग पाहिली. आपण ज्या गोष्टी उकिरड्यावर टाकतो त्यांची तिथे पलटण उभी आहे. तिथल्या एका बाकावर मिलिंदनं मला जस्सीबद्दल सांगितलं.

तिचा मोठा भाऊ, हरजीत. वर्षापूर्वी जीपमधून माणसं आली आणि चौकशीला म्हणून त्याला घेऊन गेली. कुठली माणसं, कुठे नेलं, कोणी सांगत नाही. तो परत आला नाही. जीप मात्र अधूनमधून येते, घरात शिरून प्रश्न विचारते आणि जाते.

"आणि सुमनताई, ही मंडळी भटिंड्याकडची. त्यांच्यात मोठ्या भावाला बाई म्हणतात. मित्रही एकमेकांना बाई म्हणतात. त्याचे मित्र असेच फाटकातून हाका मारायचे."

माझी ती हाक मला ऐकू येत होती.

"आईनं शिकायला घेतलं तेव्हा पहिल्याच दिवशी तिला बाई म्हटलं. जस्सी ढसाढसा रडायला लागली. आईला वाटलं, हिला मोलकरीण म्हटल्यासारखं वाटलं. मग कळलं. आई म्हणाली, नाही म्हणत पुन्हा. तर तीच म्हणाली, कहते रहो आंटीजी, हमारे घर में ये लफ्ज़ बंद हो गया था."

आता यावर माणसाला काय वाटायला हवं? लाज वाटली, वाटलीच. पोरीची दया आली. पण खरं सांगायचं ठरवलंय म्हणून लिहिते, मत्सर गेला नाही. तो जरा सरकून बसला आणि दयेला शेजारी जागा दिली, एवढंच. उलट आता तो जास्त जाचायला लागला, कारण जिच्यावर जळायचं तिच्यावर रागवायचीसुद्धा सोय उरली नव्हती. कुंदाचं बरं होतं. तिला निदान शिव्या घालता यायच्या.

तिळगूळ

संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी तिकडे लोहडी असते. घराघरापुढे लाकडं पेटवतात, त्यात तीळ, रेवड्या, लाह्या टाकतात, गाणी म्हणतात. पूर्वी रात्रभर चालायचं म्हणे, हल्ली अंधार पडायच्या आत उरकतात. आमच्या घरापुढे काहीच पेटलं नाही. बाई खाली बीजींजवळ जाऊन बसल्या, मीही गेले. बीजी पुढ्यातल्या शेगडीकडे बघत बोलत होत्या. मला त्यातलं गूळ आणि रोटी सोडून काही समजलं नाही. बाई मध्येच एखादा शब्द बोलत, बीजी थांबून ऐकत, मान हलवत, पुढे बोलत. बाहेरच्या गाण्यांचा आवाज येत होता आणि दार सताड उघडं होतं. एवढ्या थंडीत दार का उघडं, हे विचारण्याइतकी मी आता अडाणी राहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. फलटणहून मी तिळाच्या वड्या नेल्या होत्या, बाईंना आवडतात तशा, वर खोबरं पेरलेल्या. बाईंनी डबा उघडला, पहिली वडी जस्सीला दिली. "तिळगूळ घ्या बाई, गोड बोला." जस्सीनं अगदी मराठीत, पण 'ड'खाली नुक्ता लावून, "गोड़ बोला" म्हटलं. दुसरी वडी बीजींना. तिसरी मला. फलटणहून मांडीवर डबा घेऊन आले मी, आणि माझा नंबर तिसरा. माझा नुसता तिळपापड झाला. गोड बोलायचा दिवस म्हणून गप्प बसले.

दुपारी तिथल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं. कोणी नागपूरच्या, कोणी सांगलीच्या, बहुतेकींचे नवरे हॉस्पिटलात नाहीतर फौजेत. "साबणेकाकू जाणार ना पक्का?" असं प्रत्येकीनं विचारलं. मी हो म्हटलं की प्रत्येक जण सुटल्यासारखी दिसायची. एक म्हणाली, "बरं झालं तुम्ही आलात. त्या घरात जायची आम्हाला तर भीतीच वाटते, यार." मी तिचं हळदीकुंकू घेतलं. वाण मात्र विसरून आले.

बाई अजून बघूच म्हणत होत्या. पेटी काढलीही नव्हती.

गच्चीवर

थंडीत चंडीगड गच्चीवर राहतं. दुपारचं ऊन पडलं की प्रत्येक गच्चीवर खाट, खाटेवर बायका, हातात लोकर, बाजूला मीठ लावलेला मुळा. आपण ज्या उन्हापासून पळतो त्याची ही माणसं पाहुण्यासारखी वाट बघत असतात. मी केस वाळवत बसले होते. जस्सी वर आली, मुळ्याची थाळी माझ्यापुढे ठेवली आणि जिन्याकडे एकदा बघून म्हणाली, "आपसे एक बात करनी है. आप आंटीजी को ले जाओ."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"पिछले हफ्ते जीप आई थी. आंटीजी नीचे आ गए, सीढ़ी पे बैठ गए. बोले, घर में जाना है तो पहले मुझसे बात करो. पंजाबी में बोले. गलत पंजाबी में." ती हसली. "उन्होंने आंटीजी का नाम लिख लिया. आंटीजी ने आपको नहीं बताया होगा."

"नहीं."

"अगली बार क्या करेंगे, पता नहीं. मिलिंद भाईसाब भी चले जाएंगे. मैं बोलूंगी तो आंटीजी मानेंगे नहीं. इसलिए मैं कल पढ़ाना बंद कर दूंगी. बोल दूंगी टाइम नहीं है. थोड़ा बुरा बोलूंगी. आप उनको मत बताना."

"तुम्हाला," मी मराठीतच बोलून गेले, मग हिंदीत म्हटलं, "आपको बुरा नहीं लगेगा?"

"लगेगा," ती म्हणाली. "मूली खाओ आप."

मी मुळा खाल्ला. मला जे हवं होतं ते ती माझ्या ओंजळीत ठेवत होती आणि मला तिची थाळी भिरकावून द्यावीशी वाटत होती.

शेवटचा दिवस

ती बोलल्याप्रमाणे वागली. दुसऱ्या दिवशी चारला आली, दारातच उभी राहिली. "आंटीजी, अब मैं नहीं आऊंगी. स्कूल का काम बहुत है. और आप से होता भी नहीं, इतने दिन में म और स नहीं आया." बाई उभ्याच होत्या. "बरं बाई," म्हणाल्या. ती जिना उतरून गेल्यावरही बाई काही वेळ तशाच उभ्या होत्या. मग माझ्याकडे वळल्या. "माळ्यावरची पेटी काढ, सुमन. भरायला घेऊ."

मी जिंकले होते. दुसऱ्या दिवशी दुपारची बस होती. बाईंनी पातळं काढली, घड्या घातल्या, देव पुसून फडक्यात बांधले. सलवार कमीजचे दोन जोड धुऊन, इस्त्री करून मोलकरणीसाठी बाजूला ठेवले. ते पहिलीचं पुस्तक टेबलावरच राहू दिलं. मी फलटणच्या खोलीबद्दल बोलत होते. खिडकीतून चिंच दिसते, माझी मुलं संध्याकाळी तुमच्याकडे वाचायला येतील, दहावीचे पेपर आपण दोघी मिळून तपासू. बाई "छान" म्हणत होत्या. सारखं छान म्हणत होत्या. निबंधात आम्ही सारखं छान लिहिलं की त्या वहीच मिटून ठेवत.

रात्री झोप नाहीच. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. बाई माझ्याकडे राहायला येतील, रोज दिसतील, कुंदाला मी दारातून दर्शन घडवीन, आणि तरी जस्सी माझ्या वर राहील. तिनं बाईंना वाचवण्यासाठी बाई सोडल्या. माझ्यानं हे झालं असतं? कधीच नाही. मी बाईंना कुणासाठीही सोडलं नसतं, बाईंसाठीसुद्धा नाही. ही वीस बावीस वर्षांची पोर, घरात भाऊ नाही, दारात जीप, आणि ही माझ्यापुढे निघून जाते? आणि बाईंना ते कळणारही नाही, म्हणजे ती आणखीच मोठी. हे मला सहन होईना.

सकाळी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि सांगून टाकलं. "बाई, ती खोटं बोलली. तिला वेळ आहे. तुम्ही इथे धोक्यात आहात म्हणून तिनं मला गच्चीवर येऊन सांगितलं की तुम्हाला घेऊन जा. जीपचं सगळं सांगितलं. तुम्हाला सांगू नका म्हणाली होती."

बाईंनी कप खाली ठेवला. खिडकीकडे बघत राहिल्या.

"हे तू मला का सांगितलंस? न सांगतीस तर आज मी तुझ्याबरोबर बसमध्ये असते."

"ती माझ्यापेक्षा तुमच्यावर जास्त प्रेम करते असं ठरत होतं," मी म्हटलं. "निदान खरं बोलण्यात तरी मी मागे राहायला नको."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. डोक्यावर हात ठेवला, तो तसाच थोडा वेळ राहू दिला. हे त्यांनी यापूर्वी कधी केलं नव्हतं.

"धोका आहे हो बाई इथे," मी म्हटलं. "ते ती खोटं नाही बोलली. तुम्ही या ना माझ्याबरोबर." आणि मग मला रडू आलं.

"धोका आहेच," बाई म्हणाल्या. "पण त्यांनी माझं नाव लिहून घेतलंय ना? मग त्यांना पुन्हा आल्यावर मी दिसायला हवी. नाहीतर त्या दोघींना विचारतील, ती म्हातारी कुठे गेली." मग म्हणाल्या, "मिलिंदला मी सांगते. तू त्याच्याशी भांडू नकोस."

त्यांनी सलवार कमीज घातली. टेबलावरचं पुस्तक घेतलं, पेन्सिल शोधली, तिला टोक केलं. जिना उतरताना एका हातानं कठडा धरला होता. मी वरच उभी राहिले. खालचं दार आज बंद होतं. बाई त्याच्यासमोर सरळ उभ्या राहिल्या, पुस्तक छातीशी धरलं आणि आमच्या वर्गात उशिरा आलेली पोर विचारायची तशा आवाजात म्हणाल्या,

"आत येऊ का बाई?"

आतून काही उत्तर आलं नाही. बाई तशाच उभ्या राहिल्या. मग कडी निघाली.